गाणी ऐकण्याची नोंद संगणकावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणकावर गाणी ऐकणाऱ्या आणि आपण वर्षभरात नक्की काय ऐकलं याचा हिशेब ठेवावासा वाटणाऱ्या पुणेकरांसाठी हे पान आहे. यातले बहुतेक प्रश्न मैफलीच्या मध्यंतरात, चहाच्या रांगेत किंवा फोनवर विचारले गेले आहेत. शास्त्रीय, नाट्यसंगीत आणि भावगीतं ऐकणाऱ्यांच्या अडचणींना इथे जास्त जागा दिली आहे. कारण उघड आहे: असा हिशेब ठेवणारी सॉफ्टवेअरं बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तीन-चार मिनिटांचं गाणं होतं आणि आपल्यापुढे पाऊण तासाचा ख्याल असतो.

हे सॉफ्टवेअर करतं तरी काय?

प्लेअरवर गाणं सुरू झालं की त्या फाइलला जोडलेली माहिती ते वाचतं: कलाकार, गाण्याचं नाव, अल्बम, लांबी. गाणं पुरेसं वाजलं की सुरू झाल्याची वेळ घालून एक ओळ लिहितं. या एका ओळीला स्क्रॉबल म्हणतात. ती ओळ तुमच्याच संगणकातल्या फाइलमध्ये जाते, नाहीतर इंटरनेटवरच्या एखाद्या सेवेकडे, नाहीतर दोन्हीकडे. गाणं स्वतः कुठेही पाठवलं जात नाही आणि मायक्रोफोन चालू होत नाही. त्यामुळे बाहेर मांडवात जे वाजतंय ते तुमच्या नावावर जमा होत नाही. सुदैवाने.

प्लेअरमध्ये ‘किती वेळा वाजलं’ हा आकडा असतोच की. मग वेगळं काय?

आकडा म्हणजे शिल्लक, नोंद म्हणजे पासबुक. एखादी चीज चाळीस वेळा वाजली एवढंच आकडा सांगतो. ती चाळीसच्या चाळीस वेळा एकाच पावसाळ्यात वाजली आणि मग तुम्ही तिच्याकडे फिरकलाही नाहीत, की दहा वर्षं दर दिवाळीला चार-चारदा वाजली, हे त्यातून कळायला मार्ग नाही. फूबार२००० या प्लेअरच्या ‘प्लेबॅक स्टॅटिस्टिक्स’ या पुरवणीत पहिल्यांदा कधी वाजलं, शेवटचं कधी वाजलं आणि एकूण किती वेळा, एवढं मिळतं. मधलं काही नाही. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: प्रत्येक वेळची तारीख आणि वेळ राहते का? राहत नसेल तर पुढचं सगळं विसरा.

गाणं ‘ऐकलं’ असं कधी धरतात?

लास्ट.एफएम या इंटरनेटवर नोंदी ठेवणाऱ्या सेवेचा नियम सगळ्यात जास्त चालतो. गाणं ३० सेकंदांपेक्षा मोठं हवं, आणि ते निम्मं किंवा ४ मिनिटं, यातलं जे आधी होईल तेवढं वाजलं पाहिजे. लिसनब्रेन्झ ही तसलीच दुसरी सेवाही निम्मं किंवा ४ मिनिटं हाच हिशेब लावते. म्हणजे तीन मिनिटांची जुनी तबकडी दीड मिनिटाला मोजली जाते. नऊ मिनिटांचं नाट्यपद साडेचार मिनिटांना नाही, चौथ्या मिनिटालाच. बावन्न मिनिटांचा ख्यालसुद्धा चौथ्या मिनिटालाच.

आयट्यून्सची रीत अगदी उलट टोकाची. गाणं शेवटापर्यंत पोचलं तरच आकडा वाढतो. तराण्याच्या शेवटच्या आवर्तनांत दारावरची बेल वाजली आणि तुम्ही बंद केलंत, तर पन्नास मिनिटं पाण्यात. स्पॉटिफाय ३० सेकंदांना एक स्ट्रीम धरतं. त्यामुळे एकच संध्याकाळ तीन ठिकाणी तीन आकडे दाखवते आणि तिन्ही आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर असतात.

मग बावन्न मिनिटांचा ख्याल आणि तीन मिनिटांचं गाणं सारखंच?

सारखंच. आणि इथेच आपलं आणि या सॉफ्टवेअरचं बिनसतं.

एक संध्याकाळ घ्या. बाहेरच्या खोलीत तुम्ही बावन्न मिनिटांचा यमन ऐकलात. आतल्या खोलीत मुलीने तेवढ्याच वेळात साडेतीन मिनिटांची गाणी ऐकली. तिच्या खात्यावर चौदा-पंधरा नोंदी, तुमच्या खात्यावर एक. दोघांनी ऐकलं तितकंच. आता हे दोन्ही एकाच माणसाचं ऐकणं आहे असं समजा: रात्री ख्याल, सकाळी आवरताना चित्रपटगीतं. वर्षअखेरीच्या यादीत पहिले दहा कलाकार चित्रपटगीतांचे निघतात आणि किशोरी आमोणकर सदतिसाव्या क्रमांकावर जाऊन बसतात. यादी पाहून माणूस म्हणतो, ‘हा मी नव्हे.’ तो बरोबर असतो.

उलट बाजूही तितकीच वाईट. ख्याल लावला, चार मिनिटं झाली, फोन आला, बंद केला. तेराव्या हिश्श्यावर नोंद पूर्ण! स्थायी भरण्याआधीच राग ‘ऐकून’ झाला.

त्यात भर म्हणजे तुकडे. एका सीडीवर विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक असतात, तिथे दोन नोंदी. दुसऱ्या सीडीवर दोन्ही सलग, तिथे एक. एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटंच मावत, त्यामुळे एलपीवरून उतरवलेला राग मध्येच दुभंगलेला असतो. ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीत जेमतेम तीन मिनिटं. अब्दुल करीम खाँसाहेबांची ती तीन मिनिटं आणि त्यांच्या शिष्याचे शिष्य भीमसेन जोशी यांची पन्नास मिनिटं, दोन्हींची किंमत एक. घराणं एक, मोजमाप मात्र रेकॉर्ड काढणाऱ्या यंत्राचं.

उपाय एकच आहे आणि या पानावरची बाकीची उत्तरं विसरलात तरी हा लक्षात ठेवा: नोंदी मोजू नका, मिनिटं मोजा. नोंदवहीत ‘किती सेकंद ऐकलं’ असा रकाना हवा.

सेकंदांचा रकाना आणायचा कसा?

सोपा मार्ग असा: नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवा, लिब्रेऑफिस कॅल्क या हिशेबाच्या तक्त्यात उघडा, प्रत्येक ट्रॅकची लांबी सेकंदांत शेजारच्या रकान्यात आणा, ‘किती वेळा’ला लांबीने गुणा आणि कलाकारानुसार बेरीज करा. यात अर्धवट सोडलेले ख्यालही पूर्ण धरले जातात, तेव्हा ही वरची मर्यादा समजा. तरीही नुसत्या नोंदींच्या यादीपेक्षा कितीतरी खरी.

नेमका मार्ग थोडा खटपटीचा आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये आवाजाची पट्टी उघडली की चालू गाण्याचं नाव आणि पॉजचं बटण दिसतं; लिनक्सवर एमप्रिस नावाची अशीच व्यवस्था आहे. प्लेअर आपली अवस्था तिथे सांगत असतो: कोणतं गाणं, चालू की थांबलेलं, कितव्या सेकंदावर. एखादी छोटी पायथन स्क्रिप्ट ही अवस्था टिपू शकते. घरात प्रोग्रॅमिंग येणारं कुणी असेल तर त्याच्याकडून एका सुट्टीत लिहून घ्या. पुण्यात एका इमारतीत असे चार निघतात. फक्त एक अट घाला. ‘सुरू’ आणि ‘संपलं’ या दोन वेळांची वजाबाकी करून चालणार नाही. मध्ये कुरिअरवाला येतो, तुम्ही पॉज करता, पाकीट घेऊन वरच्या काकूंशी बोलता आणि वीस मिनिटांनी परत येता. ती वीस मिनिटं भीमपलासच्या खात्यावर पडतात. प्रत्येक पॉज वेगळा वजा झाला पाहिजे.

कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

विंडोजवर म्युझिकबी. लास्ट.एफएमला नोंद पाठवण्याची सोय आतच आहे, मराठी नावं नीट दिसतात आणि फुकट आहे. टॅगशी, म्हणजे फाइलला जोडलेल्या माहितीशी, खेळायची हौस असेल तर फूबार२०००. दिसायला रुक्ष, पण सांगाल ते करतं. एआयएमपी हलकं आहे, जुन्या संगणकावर बरं चालतं. व्हीएलसीच्या सेटिंगमध्येही लास्ट.एफएमची एक चौकट आहे, पण व्हीएलसी हा मुळात व्हिडिओचा गडी. गाण्यांच्या साठ्यासाठी तो नको.

लिनक्सवर स्ट्रॉबेरी किंवा ऱ्हिदमबॉक्स. दोन्हींत लास्ट.एफएम आणि लिसनब्रेन्झ या दोघांनाही नोंद पाठवता येते.

लास्ट.एफएम की लिसनब्रेन्झ?

थोडा इतिहास पाहिला की निवड सोपी होते. साउदॅम्प्टन विद्यापीठात रिचर्ड जोन्स या विद्यार्थ्याने २००२ मध्ये ऑडिओस्क्रॉब्लर नावाचा प्रकल्प सुरू केला. कोणी काय ऐकलं ते गोळा करायचं, एवढाच त्याचा हेतू. लास्ट.एफएम तेव्हा इंटरनेट रेडिओ होता. २००५ मध्ये दोघे एक झाले, २००७ मध्ये अमेरिकेच्या सीबीएसने ते २८ कोटी डॉलरला विकत घेतलं, आणि २०१४ मध्ये ज्या रेडिओसाठी लोक आले होते तोच बंद झाला. नोंदी ठेवण्याचं काम मात्र अजून चालू आहे. आलेख छान, माणसं भरपूर, जवळजवळ प्रत्येक प्लेअर त्याला ओळखतो. चुकलेली नोंद दुरुस्त करायची असेल तर पैसे भरून प्रो खातं घ्यावं लागतं.

लिसनब्रेन्झ हे मेटाब्रेन्झ या ना-नफा संस्थेचं. कोड खुला आहे आणि डेटाही. खुला म्हणजे अक्षरशः खुला: तुमच्या नोंदी कुणालाही दिसतात आणि सगळ्यांच्या नोंदींचे गठ्ठे कुणालाही उतरवून घेता येतात. तुम्ही रात्री दोन वाजता काय ऐकत होतात हे जगाला कळू नये असं वाटत असेल तर तिथे आपल्या खऱ्या नावाने खातं काढू नका.

माझं मत विचाराल तर मूळ नोंद स्वतःच्या संगणकावर ठेवा आणि या सेवांना तिची प्रत पाठवा. सेवा येतात आणि जातात. २०२० मध्ये गूगल प्ले म्युझिक बंद झालं तेव्हा पुष्कळांना हे कळलं. घरच्या घरी सगळं चालवायचं असेल तर मलोजा नावाचा खुला सर्व्हर आहे, तो कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावरही चालतो.

मी सगळं यूट्यूबवरच ऐकतो. त्याचं काय?

क्रोम आणि फायरफॉक्ससाठी वेब स्क्रॉब्लर ही पुरवणी आहे. ती व्हिडिओच्या शीर्षकावरून कलाकार आणि गाणं ओळखायचा प्रयत्न करते. अधिकृत वाहिनी असेल तर जमतं. पण आपल्याकडच्या खजिन्याचा मोठा भाग कुणा रसिकाने घरच्या कॅसेटवरून चढवलेला असतो. शीर्षकात गायक, राग, ताल, साल, ‘दुर्मिळ’ आणि तीन उद्गारचिन्हं. तिथे पुरवणी चक्रावते आणि वाहिनीच्या मालकालाच गायक करून टाकते. नोंद जाण्याआधी नाव हाताने दुरुस्त करता येतं आणि त्या व्हिडिओपुरतं ते लक्षातही राहतं. तीन तासांची अख्खी मैफल एकाच व्हिडिओत असेल तर मात्र एकच नोंद होणार. तिला इलाज नाही.

एकाच गायकाची पाच नावं का दिसतात?

कारण संगणकाच्या लेखी एक अक्षर बदललं की माणूस बदलला. ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’, ‘भीमसेन जोशी’ ही तीन माणसं झाली. रोमन लिपीत ‘भी’ एकाने आय घालून लिहिलं, दुसऱ्याने दोनदा ई घालून, की आणखी दोन. ‘वसंतराव’ आणि ‘वसन्तराव’, ‘कुमार गंधर्व’ आणि ‘कुमारगंधर्व’, शेवटी ‘जी’ लावणारे वेगळेच.

हे निदान डोळ्यांना दिसतं. देवनागरीत न दिसणारे घोटाळे जास्त त्रास देतात. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं: युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीतलं ०९७२ क्रमांकाचं एकसंध अक्षर, किंवा ‘अ’ आणि त्यावर वेगळा अर्धचंद्र. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, संगणकासाठी वेगळी. गंमत अशी की युनिकोडच्या प्रमाणीकरणातही ही दोन एक होत नाहीत. ती तुम्हालाच एक करावी लागतात. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ही तसाच. कुणी ‘ऱ’ घेऊन पाय मोडतं, कुणी साध्या ‘र’चा पाय मोडून मागे न दिसणारा जोडक टाकतं. शोधायला गेलात तर एक सापडतो, दुसरा सापडत नाही, आणि आपण गाणं नीट शोधलं नाही असं वाटत राहतं.

जुन्या एमपीथ्री फाइलींची तर वेगळीच तऱ्हा. आयडीथ्री टॅगच्या पहिल्या आवृत्तीत गाण्याच्या नावाला फक्त ३० बाइट जागा होती. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला, म्हणजे काना-मात्रेलासुद्धा, ३ बाइट लागतात. दहा चिन्हं झाली की नाव कापलं गेलं. युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये भरलेली नावं तर आज नुसती चित्रविचित्र खुणा होऊन बसली आहेत. ती पुन्हा टाइप करण्यावाचून गत्यंतर नाही.

काय करावं? एमपीथ्रीटॅगमध्ये शेकडो फाइलींची नावं एका फटक्यात बदलता येतात. उपाधी नावात ठेवू नका, एकच लेखन पक्कं करा, मग ते देवनागरी असो की रोमन. नोंदवहीच्या शेजारी दोन रकान्यांचा एक तक्ता ठेवा: डावीकडे जे जे चुकीचं लेखन आढळेल ते, उजवीकडे आपण मान्य केलेलं. बेरीज नेहमी उजव्या रकान्याची. म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या खुल्या माहितीकोशाचं पिकार्ड हे साधन वापरलंत तर फाइलीत ३६ चिन्हांचा एक ओळखक्रमांक बसतो आणि नाव कसंही लिहिलेलं असलं तरी माणूस एकच राहतो. मात्र आपली कितीतरी मराठी ध्वनिमुद्रणं म्युझिकब्रेन्झमध्ये नाहीतच. ती कुणीही भरू शकतं. तुमच्या कपाटातल्या कॅसेटचं वेष्टन हाताशी असेल तर तुम्हीच भरा.

राग, ताल, साथीदार, संगीतकार लिहून ठेवता येतात का?

येतात, आणि ठेवाच. फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या प्रकारच्या फाइलीत हव्या त्या नावाचा रकाना घालता येतो. ‘राग’ म्हणा, ‘तबला’ म्हणा, कोणी अडवत नाही. एमपीथ्रीतही जादा रकाने चालतात. फूबार२००० त्यावरून याद्या लावतं. म्युझिकब्रेन्झमध्ये तर हिंदुस्थानी आणि कर्नाटक राग व ताल नोंदवायची वेगळी सोयच आहे. बार्सेलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातला कॉम्पम्युझिक प्रकल्प याच विषयावर, म्हणजे पाश्चात्त्य साच्यात न बसणाऱ्या संगीताच्या संगणकीय नोंदींवर, काम करत होता.

भावगीतांना याची फार गरज आहे. लास्ट.एफएम एकच कलाकार ओळखतं आणि तो बहुधा गायक असतो. मग सुधीर फडके गायक म्हणून किती ऐकले आणि संगीतकार म्हणून किती, हे वेगळं कसं निघणार? संगीतकाराचा रकाना भरला असेल तरच. तबल्यावर कोण होतं हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांना वेगळं सांगायला नको.

रागाचा रकाना भरल्यावर दिवसाच्या तासांप्रमाणे एक तक्ता काढून पाहा. संध्याकाळी सात ते नऊ यमन, रात्री उशिरा मालकंस, पहाटे ललत, असं काही आपोआप दिसेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बहुतेकांचा भैरव रात्री साडेअकराला वाजलेला निघतो, कारण वेळ तेव्हाच मिळतो.

पहाटे ऐकलेलं आदल्या दिवशीच्या रात्री का दिसतं?

नोंदी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठवल्या जातात, आणि तेच योग्य आहे. आपली वेळ त्यापुढे साडेपाच तास. सॉफ्टवेअरने ही बेरीज केली नाही तर पहाटे पाचचा ललत आदल्या रात्री साडेअकराला जातो आणि तारीखही बदलते. संध्याकाळी साडेसातचं गाणं दुपारी दोनला दिसतं. सेटिंगमध्ये वेळेचा विभाग कोलकाता निवडा.

माझी गेल्या महिन्याची सगळी गाणी कुठल्याशा जुन्या वर्षाच्या १ जानेवारीला दिसतात!

मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपली आहे. तिच्या जोरावर संगणक बंद असताना घड्याळ चालतं. ती गेली आणि भिंतीवरचं बटण बंद केलं किंवा वीज गेली की घड्याळ मागे जातं. इंटरनेट मिळाल्यावर वेळ सुधारते, पण तोवर तुम्ही दोन गाणी ऐकलेली असतात. सीआर२०३२ असं सांगा, तपकीर गल्लीत कुठेही मिळते. चुकलेल्या नोंदी टाकून देऊ नका. संगणक एकदा सुरू केल्यापासून बंद करेपर्यंतच्या नोंदींचं आपसातलं अंतर बरोबर असतं. त्या बैठकीतल्या पहिल्या गाण्याची खरी वेळ आठवली की तेवढा फरक तिच्यातल्या सगळ्यांत मिळवा.

इंटरनेट बंद असताना ऐकलेलं जातं का?

नाही. प्लेअर नोंदी साठवतो आणि जोडणी आली की गठ्ठ्याने पाठवतो, लास्ट.एफएम एका वेळी ५० स्वीकारतं. मात्र साधारण दोन आठवड्यांपेक्षा जुन्या नोंदी ते घेत नाही. गावाकडे महिनाभर राहून आलात तर सुरुवातीचे दिवस गळतील. स्वतःच्या फाइलीत मात्र असतील.

घरात एकच संगणक आहे आणि आम्ही चौघं.

प्रत्येकाचं विंडोजवर वेगळं खातं काढा. ते होणार नसेल, आणि बहुतेक घरांत ते होत नाही, तर निदान वेगवेगळे प्लेअर वापरा: बाबांचं फूबार, मुलांचं ब्राउझर. नाहीतर वर्षाच्या शेवटी बालगीतं पहिली येतात आणि आजोबांना त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं.

कॅसेट, रेडिओ आणि प्रत्यक्ष मैफल कशी नोंदवायची?

हाताने. ओपन स्क्रॉब्लर या संकेतस्थळावर अख्खा अल्बम निवडून तो अमुक वेळी ऐकला असं सांगता येतं. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसच्या कॅसेटी अजून जपून ठेवलेली घरं पुण्यात आहेत. त्या ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेतल्या आणि टॅग भरले की पुढची नोंद आपोआप होते. उतरवताना वेष्टनाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. साथीदारांची नावं तिथेच असतात.

मैफलीसाठी मात्र वेगळा तक्ता ठेवावा असं माझं ठाम मत आहे. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ पासून चालत आलेल्या डिसेंबरातल्या महोत्सवात एका दिवसात पाच-सहा कलाकार होतात. तिथे मुकुंदनगरच्या मैदानावर स्वेटर घालून ऐकलेला मारवा आणि भांडी घासताना हेडफोनवर ऐकलेला मारवा एकाच रकान्यात घालणं मला पटत नाही. तारीख, ठिकाण, कलाकार, राग, साथ, अंदाजे मिनिटं, एवढे रकाने पुरेत. घरी परतल्यावर लगेच भरा; दुसऱ्या दिवशी तिसऱ्या कलाकाराचा दुसरा राग आठवत नाही.

स्पॉटिफायचा जुना इतिहास आणता येतो का?

येतो. खात्याच्या गोपनीयतेच्या पानावरून ‘विस्तारित इतिहास’ मागा. यायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. जेसन या प्रकारच्या मजकूर फाइली येतात, आणि त्यांत प्रत्येक गाणं किती मिलिसेकंद वाजलं हेही असतं, म्हणजे आपल्याला हवा तोच रकाना. दोन गोष्टी सांभाळा. त्यातली वेळ गाणं थांबल्याची आहे, सुरू झाल्याची नाही. वाजलेला वेळ वजा करून मगच नोंदवहीत घाला. आणि त्या फाइलींत तुमचा आयपी पत्ताही असतो, तेव्हा कुणा उत्साही मित्राला ‘आलेख काढून दे’ म्हणून अख्खी फाइल पाठवू नका. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांचा इतिहास त्याच्या मागे जात नाही.

मोबाइलवरचं ऐकणं?

अँड्रॉइडवर पॅनो स्क्रॉब्लर. स्पॉटिफाय थेट लास्ट.एफएमला जोडता येतं, मग मोबाइल कोणताही असो.

ही फाइल फुगत जाते का?

दिवसाला साठ गाणी धरली तर वर्षाला २१,९०० ओळी. एका ओळीला अडीचशे बाइट धरले तरी साडेपाच एमबी. वीस वर्षांचं ऐकणं एका जुन्या पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतं.

बॅकअप कसा घ्यावा?

अशा नोंदी बहुधा एसक्यूलाइट या एकाच फाइलीच्या डेटाबेसमध्ये असतात. प्लेअर चालू असताना ती फाइल नुसती उचलून कॉपी करू नका. ताज्या नोंदी तिच्याच नावाच्या, शेवटी ‘वाल’ लागलेल्या जोडफाइलीत असू शकतात, आणि एकीशिवाय दुसरी अर्धवट. प्लेअर बंद करा, मग कॉपी करा. त्याच कारणाने ही फाइल आपोआप क्लाउडवर जाणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवून दोन संगणकांवरून वापरू नका. वर्षातून एकदा सगळं सीएसव्हीत उतरवून ठेवा. ती फाइल नोटपॅडमध्येही उघडते.

एखाद्या सेवेतून बाहेर पडायचं असेल तर?

आधी उतरवा, मग खातं पुसा. उलट क्रमाने केलंत तर हातात काही राहत नाही. लिसनब्रेन्झच्या सेटिंगमध्ये निर्यातीची सोय आहे आणि लास्ट.एफएमवरचा इतिहास ते थेट आयातही करतं. लास्ट.एफएमवरून स्वतः उतरवायचं असेल तर त्याच्या एपीआयवर, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमना माहिती देणाऱ्या खिडकीवर, चालणारी छोटी साधनं मिळतात. एपीआय एका वेळी जास्तीत जास्त २०० नोंदी देतं, म्हणजे पन्नास हजार नोंदींना अडीचशे फेऱ्या. रात्री लावून झोपा. सकाळी ओळी मोजून एकूण आकड्याशी ताळा जुळला की मगच ‘खातं काढून टाका’वर क्लिक करा.